हत्तिणीच्या हौद्यातला कचरा

श्रीयुत धाकटे बंधुराज यांस,

तुझ्या ताईचा सविनय नमस्कार.

(धाकट्या भावाला आशीर्वाद द्यायचे असतात, हे मला ठाऊक आहे. पण माझे आशीर्वाद सध्या कुणाच्या उपयोगाचे आहेत असं मलाच वाटत नाही, म्हणून नमस्कार घालते. पहिला आणि शेवटचा. सवय लावून घेऊ नकोस.)

पत्र लिहायचं कारण एवढंच की तुझ्या ट्रकमध्ये, तुझ्या लाडक्या हत्तिणीत, खरोखरचा कचरा भरला गेला, आणि तो मी भरवून घेतला. रांग लावून, शिस्तीत भरवून घेतला. तू रोज फोन करून "हत्तीण कशी आहे, प्रदर्शनात काय झालं" असं विचारतोस आणि मी रोज "तुझा आवाज तुटतोय" म्हणून फोन ठेवते. आवाज खणखणीत येतो. मला लाज वाटते म्हणून ठेवते.

तुझ्या टाचेचं हाड आता जुळत आलं असेल. लेकीकडे आहेस म्हणजे पाय उशीवर आणि चहा हातात असणार. पाय उशीवरच असू दे, चहा मात्र खाली ठेव. माझी प्रकृती उत्तम आहे. याचीसुद्धा लाज वाटते, कारण एवढं करून ठेवल्यावर शोभेसा थोडा ताप तरी यायला हवा होता.

आता पहिल्यापासून सांगते. तू गाडी पुसताना मडगार्डवरून पडलास (साठी उलटलेल्या माणसाने मडगार्डवर चढू नये असं मी तेव्हाच म्हणाले होते, पण आज मला असं काही म्हणायचा अधिकार नाही, म्हणून हा कंस वाचला नाहीस असं समज), तेव्हा जुन्या गाड्यांचं प्रदर्शन अगदी तोंडावर आलं होतं. महापालिका आपल्या जुन्या गाड्यांचं संग्रहालय काढणार, प्रदर्शनातून त्यासाठी गाड्या निवडणार, आणि महापालिकेने मोडीत काढल्यावर तू विकत घेतलेली हत्तीण निवडली गेली तर तिला जन्माचं छप्पर मिळणार. नाही निवडली, तर ज्या मोकळ्या जागेत ती उभी असते तिथे मालकाला बांधकाम काढायचं आहे, आणि माझ्या भावजयीने "मग भंगारवाला" असं स्पष्ट बजावलेलं आहे. हे सांगताना तुझे डोळे भरून आले. मी म्हणाले, "रडतोस काय असा? माझ्यावर सोपव. मी आहे ना!" हे वाक्य मी आयुष्यात फार वेळा वापरलं आहे. आता ते बंद केलं आहे.

जाताना तू मला बऱ्याच सूचना दिल्यास. त्यातली शेवटची अशी होती की हौदा आतून नव्याने रंगवला आहे, तेव्हा आत पाय ठेवायचा झाला तर चप्पल काढून ठेव. मी हसले होते. ज्या गाडीने उभ्या गावाची घाण वाहिली, तिच्यात चप्पल काढून शिरायचं! तू हसला नाहीस. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

प्रदर्शनाच्या सकाळी तुझा मित्र गाडी न्यायला आला. (सावकाश. लोक त्याला याच नावाने ओळखतात, आणि त्यालाही दुसरं नाव असेल असं वाटत नाही. महापालिकेचा कचऱ्याचा ट्रक त्याने निवृत्त होईपर्यंत चालवला, पण गल्लीतलं झोपलेलं कुत्रंदेखील त्याच्यासाठी कधी उठलं नाही.) मी त्याच्या शेजारी बसले. मांडीवर तू रंगवलेली, खिडकीबाहेर आलेली लांबलचक पाटी होती, हत्तिणीचा साद्यंत इतिहास लिहिलेली. खरं सांगते, इतक्या उंचावर बसल्यावर मला बरं वाटलं. सगळ्या गच्च्यांवरचे अस्ताव्यस्त कपडे एका नजरेत दिसत होते आणि कुणाकुणाला बोलायला हवं याची मनात नोंद होत होती.

सावकाशला मी जवळच्या रस्त्याने घ्यायला सांगितलं. इथे माझी पहिली चूक झाली. त्याच्या लेखी जवळचा रस्ता म्हणजे तो जन्मभर ज्यावरून गेला तो. म्हणजे कचरा गोळा करायचा रस्ता. पहिल्याच कोपऱ्यावर गाडी उभी राहिली आणि हॉर्न वाजला, दोन लांब आणि एक आखूड. मी विचारलं, "का थांबलात?" तर म्हणतो, "मी नाही थांबलो ताई, ही थांबली." आणि हॉर्न? "तोही हिचाच." पुढच्या कोपऱ्यावर तेच. तिसरा कोपरा आमच्या सोसायटीचा.

आता तुला इथली हालत सांगायला हवी. महापालिकेच्या त्या नव्या, बंद दाराच्या, गुळगुळीत गाड्या आहेत ना, त्यातल्या निम्म्या वर्कशॉपमध्ये सुट्या भागांची वाट बघत पडून आहेत. आमच्याकडे कितीतरी दिवस कुणी फिरकलं नव्हतं. घराघरांत डबे तुंबलेले, लोक एकमेकांच्या दारासमोरून नाक धरून चाललेले. अशात तो हॉर्न वाजला. तो चाळिशीच्या पुढच्या माणसाच्या कानात नाही, हाडात बसलेला आहे. एक आजोबा बनियनवर, तोंडात ब्रश तसाच ठेवून, बादली घेऊन धावत आले. त्यांच्यामागे शिंपी चिंध्यांचं बोचकं घेऊन आला. मग जिन्याजिन्यातून माणसं उतरायला लागली. चूक त्यांची नाही. तू गाडीला महापालिकेचा रंग दिलास, दारावर महापालिकेचा शिक्का काढलास, बाजूला जुना विभाग क्रमांकसुद्धा घातलास. तेव्हा खरा दोष (हे वाक्य इथेच खोडते. मी सुधारायचं ठरवलं आहे.)

ही प्रदर्शनाची गाडी आहे, हे सांगायलाच मी खाली उतरले. देवाशपथ, त्यासाठीच उतरले. पण समोर बघते तर दोन बाजूंनी ढकलाढकली चाललेली, आणि एकाच्याही बादलीत ओलं-सुकं वेगळं नाही! मी तर्कशास्त्र घेऊन पदवीधर झालेली बाई. समोरची गोष्ट मुळात व्हायलाच नको, हे कळल्यावर ती नीट कशी व्हावी याचा विचार करायचा नसतो, एवढं मला तरी समजायला हवं होतं. माझ्या तोंडून बाहेर पडलं ते असं: "आधी रांग लावा! ओला डावीकडे, सुका उजवीकडे!"

लोकांनी रांग लावली. धाकट्या, तुला काय सांगू! इतकी वर्षं मी सोसायटीची सचिव आहे, फळ्यावर सूचना लिहून लिहून खडू संपले, पण माझ्या सांगण्यावरून एवढी सरळ रांग कधी लागली नव्हती. आमची तळमजलावाली (तीच, जी सगळा कचरा एकाच पिशवीत कोंबून वर गाठ मारते आणि मला "ताई, पोटात गेल्यावर सगळं एकच होतं" म्हणते) ती पिशवी घेऊन आली. मी म्हटलं, सोडा गाठ. तिने मागे रांगेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सोडली. भर रस्त्यात, चार माणसांदेखत, कोबीचा पाला वेगळा आणि कागद वेगळे केले. त्या विजयाच्या भरात ती पिशवी रिकामी होतेय कुठे, हे बघायचं मला सुचलंच नाही. ओलं-सुकं मिसळू नये म्हणून हौद्यात मधोमध आडोसा हवा होता. तू रंगवलेली पाटी बरोबर त्या मापाची निघाली.

शेवटी एक गृहस्थ स्प्रिंगची गादी डोक्यावर घेऊन आले आणि म्हणाले, "ही ओली की सुकी?" ठरवण्यासाठी मी हौद्यात वाकून पाहिलं. कोपऱ्यात तळहाताएवढा निळा रंग अजून दिसत होता. नवाकोरा. त्यावरून कुणाच्या तरी डाळीचा ओघळ खाली चालला होता. सावकाश शेजारी उभा होता. मी विचारलं, "अहो, तुम्ही बोलला का नाही?" तो म्हणाला, "तुम्ही इतकं ठामपणे सांगत होता ताई, मला वाटलं ठरलंय तसं."

कचरा टाकायला डेपोवर जावं तर तो गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि प्रदर्शनाचं फाटक बंद व्हायची वेळ झालेली. ताडपत्री ओढली आणि तसेच गेलो. तिथे पाण्याचा जुना टँकर होता, रोड रोलर होता, आगीचा बंब होता. सगळे नवरदेवासारखे नटलेले. संग्रहालयाच्या बाई एकेक गाडी तपासत आमच्यापाशी आल्या आणि थबकल्या. मी म्हणाले, "जुन्या गाड्यांना वास असतोच." त्या म्हणाल्या, "हा ताजा आहे." त्यांच्याबरोबर वर्कशॉपचा इंजिनिअर होता, तुझ्या हाताखाली शिकलेला. नियमाप्रमाणे हौदा उचलून दाखवायचा होता. हिची कंबर धरली आहे, आज उचलवणार नाही, असं मी सांगितलं. (खोटं बोलले. माझ्या वयाला आणि हुद्द्याला न शोभणारं, आणि शिवाय भिकार खोटं.) तो हसला, म्हणाला, "काकांनी बसवलेला जॅक आणि उचलणार नाही?" आणि चढून दांडा ओढला.

आता हे तुझ्यासाठी लिहिते, पुन्हा पुन्हा वाच हवं तर. हौदा वर गेला. धक्का नाही, खरखर नाही, एखादी म्हातारी खुर्चीतून आब राखून उठावी तसा गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या चालू असतानाच मागची झडप उघडली. ओला डावीकडे, सुका उजवीकडे, मधोमध तुझी पाटी उभी, आणि सगळ्यात शेवटी गादी, ती दोनदा उसळून रोड रोलरला टेकली.

मी सगळं खरं सांगितलं, मान खाली घालून. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या वाईट नाहीत. पण त्यांचा नियम असा की संग्रहालयात सेवेतून निवृत्त झालेल्या गाड्याच घ्यायच्या. "ही तर आज सकाळी कामावर होती," त्या म्हणाल्या. "चालू गाडी आम्हाला कशी घेता येईल?" मी वाद घातला, आणि तो घालताघालताच मला कळलं की तर्क त्यांचाच बरोबर आहे. तुझी इतक्या वर्षांची मेहनत, रविवार, पाठीचा कणा, टाच, सगळं मी एका सकाळच्या शिस्तीपायी घालवलं.

कचरा सावकाशने आणि मी पुन्हा भरला आणि डेपोवर टाकून आलो. मोकळ्या जागेला तोवर मालकाने कुलूप घातलं होतं. म्हणून हत्तीण आता आमच्या सोसायटीत उभी आहे, "बाहेरील वाहने येथे उभी करू नयेत, हुकमावरून, सचिव" या पाटीखाली. तळमजलावालीने येऊन ती पाटी मोठ्याने वाचली. मी ऐकून घेतलं. मग चप्पल काढली, बादली घेतली आणि हौद्यात उतरून घासायला बसले. थोड्या वेळाने मागे खरखर ऐकू आली. वळून बघते तर तळमजलावाली स्वतःचा ब्रश घेऊन दुसरा कोपरा घासत होती. तिच्या चपला माझ्या चपलांशेजारी काढलेल्या होत्या. तिला कुणी सांगितलं नव्हतं. रंग बराचसा वाचला. गादीच्या स्प्रिंगचा एक लांब ओरखडा उरला आहे. त्यावर मी काहीही फासलेलं नाही, तुला दिसावा म्हणून.

क्षमा माग म्हणून तुला मी लहानपणी पुष्कळदा कोपऱ्यात उभं केलं. आज कोपऱ्यात मी आहे. तू म्हणशील तेव्हा वळेन.

तुझी,
वडीलकी रजेवर असलेली,
ताई

ता. क. तो इंजिनिअर दुसऱ्या दिवशी घरी आला होता. नव्या गाड्यांचे सुटे भाग येईपर्यंत हत्तिणीने आमच्या भागाची फेरी करावी, असं त्याचं म्हणणं आहे. त्या बदल्यात ती वर्कशॉपच्या शेडमध्ये उभी राहील, ज्या खड्ड्यात उतरून तू गाड्यांचं काम करायचास त्याच्याशेजारी. छप्पर पक्कं आहे, मी बघून आले. पण रोज घाण होणार, रंग जाणार, ओरखडे वाढणार. गाडी तुझी आहे. भावाला विचारल्याशिवाय होकार देणार नाही, असं मी त्याला ठणकावून सांगितलं.

ता. क. २. होकार दिलेला नाही, पण चाचणी म्हणून फेरी सुरू केली आहे. लोकांचे हाल बघवेनात. मी पुढे बसते. आजोबा आता ब्रश घरी ठेवून येतात.

ता. क. ३. हे पत्र घेऊन सावकाश येत आहे. त्याच्या हाती दिलेल्या वस्तू:
तुझी पाटी, धुऊन. "निवृत्त" हा शब्द पुसट झाला आहे, तो मी मुद्दाम पुसलेला नाही.
उरलेल्या निळ्या रंगाचा डबा, ब्रशासहित.
गाडी सुरू करायचं हँडल.
किल्ली. एकच आहे, दुसरी करून घेतलेली नाही. ठेवून घेतलीस तर मी चकार शब्द काढणार नाही. परत द्यायची असेल तर सावकाशला आजच उलट पाठव. सकाळी लोक डबे घेऊन रांगेत उभे राहतात.