वहीला सांगितलेली मेंढरं

१२ जाने., सोम.
विभागाच्या फलकावर पत्रक लागलं. 'साम्राज्यवाद आणि आजची जागतिक सत्ता', जाहीर व्याख्यान, शुक्रवारी संध्या. ५.३०. वक्ते दे. सर, म्हणजे माझे पीएच.डी.चे गाईड. खाली बारीक अक्षरात : मराठवाड्यातील मेंढपाळांच्या ताज्या क्षेत्रीय अभ्यासासह.
तीनदा वाचलं. आमच्या विभागात मेंढपाळांमध्ये जाऊन अभ्यास केलेलं माणूस एकच आहे. ती मी. नोव्हेंबरात प्रकरण ३ त्यांना वाचायला दिलं, पेनड्राइव्हसकट. विचारलं की "बघतो, बघतो."
कदाचित माझं नाव घेणार असतील. आधीच संशय घेऊ नये. (लिहिलं खरं, पण घेतलाय.)
आबांना फोन केला, शुक्रवारी या म्हणून. आबा, म्हणजे माझे वडील, चिकलठाण्याच्या एका कंपनीत वॉचमन आहेत, त्या दिवशी पहिली पाळी. "तुझं भाषण हाय का?" "माझं नाही, सरांचं. पण आपल्या मेंढपाळांवर आहे." "मग येतो."

१६ जाने., शुक्र.
जसं झालं तसं लिहिते.
सभागृह भरलेलं. आबा ड्यूटीचा शर्ट बदलून, फेटा बांधून आले आणि शेवटच्या रांगेत बसले. पुढं चला म्हटलं तर नको म्हणाले.
व्या. चांगलं झालं. हे लिहायलाच हवं. सर म्हणाले, साम्राज्याला तोफ नंतर लागते, आधी मोजपट्टी लागते. जमीन, जंगल, माणूस, जनावर, जे मोजलं ते त्याचं झालं. आज तेच काम उपग्रह करतात आणि आपल्या खिशातला फोन करतो. दूर देशातली लोकर बंदरावर उतरते आणि इथल्या मेंढपाळाचा भाव तिथं ठरतो. लोक मान डोलावत होते. मीही.
मग स्लाइड आली. माझा तक्ता. सतरा कुटुंबं, आजोबांच्या वेळचा कळप, बापाच्या वेळचा, आजचा. रकान्यांचे रंगसुद्धा मी दिलेले. सर म्हणाले, "माझ्या क्षेत्रीय कामात हे आकडे हाती आले." पुढं : "एक वृद्ध मेंढपाळ मला म्हणाला, आता आमची लोकर कातरून बांधावर टाकावी लागते, फुकट न्यायलाही कुणी येत नाही."
हे वाक्य आबांचं आहे. माझ्या वहीत आहे, तिथून प्रकरण ३ मध्ये गेलेलं. आबा सरांना कधी भेटलेले नाहीत, आणि आबा बावन्न वर्षांचे आहेत.
प्रश्नांच्या वेळी हात वर केला. आधी एका निवृत्त गृहस्थांनी स्वतःचंच व्याख्यान दिलं. मग माइक माझ्याकडे आला. पाच वाक्यं पाठ केली होती, त्यातलं एकच तोंडातून निघालं : "सर, हा तक्ता कुणी तयार केला?"
सर हसले. "चांगला प्रश्न. ही सविता, आमची विद्यार्थिनी. आकडे टाइप करायला हिची फार मदत झाली."
टाळ्या झाल्या. टायपिंगसाठी. आणि मी "थँक यू सर" म्हणाले. मी!
बसस्टॉपवर आबा म्हणाले, "वृद्ध म्हने. माझी एक दाढ तरी पडली का अजून?" मी हसले नाही. मग बस दिसल्यावर, "तुझं नाव कुठं आलं गं? मला मागून नीट ऐकू आलं नाय."
आलं होतं, म्हटलं. शेवटी आलं.

१७ जाने., शनि.
दुपारी शहागंजात अर्शियाकडे. ती विभागात माझ्याबरोबर आहे, खाली तिच्या अब्बांचं कापडाचं दुकान. तिनं सगळं ऐकून घेतलं. "रोती कायकू? उसकू रुला."
कसं ते मात्र तिलाही नीट सुचलं नाही. तक्रार अर्ज. पेनड्राइव्हवरच्या तारखा. मी म्हटलं, माझ्या प्रबंधावर सही त्यांचीच लागते, तक्रार केली तर ती मिळायची नाही. दुसरा गाईड म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. आमच्या घरात शाळेत टिकलेली मी पहिली. शाळा एका जागी राहते आणि मेंढरं राहत नाहीत, म्हणून आबांनी मेंढरं काकांच्या स्वाधीन केली आणि गेटवर उभे राहिले. त्यांना काय सांगू, पुन्हा पहिल्यापासून?
अर्शिया म्हणाली, "तेरा ना, सब लिखने में है. बोलने में कुछ नहीं."
खरं आहे. पण मला त्यांना पडलेलं बघायचंय. नुसतं चूक कबूल करताना नाही, लोकांसमोर, माइक हातात असताना पडलेलं. हे असं लिहिताना बरं वाटतंय. वाटू नये.

२५ जाने., रवि.
करमाडच्या पुढं गेले. काका-काकूंचा तळ सध्या एका शेतकऱ्याच्या रानात आहे. तूर निघाली, आता लेंडीखतासाठी मेंढरं तिथं बसवलीत. तक्रारीसाठी पुरावा हवा म्हणून गेले. आकडे मीच घेतले होते, असं प्रत्येक घरानं लिहून द्यायचं. कागद टाइप करून नेले होते. सही किंवा अंगठा.
गंगूकाकू चुलीपुढं. पहिलाच कागद वाचून दाखवला : 'आमच्या कळपाचा आकडा आम्ही सविताला सांगितला, तो खरा आहे.'
काकू भाकरी थापता थापता थांबली. "खरा हाय असं कशाला लिहिती?"
"मग?"
"अगं, वही काढून बसलीस म्हनून सांगितला. वहीला खरा आकडा कोन सांगतं? मेंढरं मोजून तोंडानं सांगितली की घटत्यात."
मी म्हटलं, पण मी तर घरची.
"व्हय, घरची. पर तू आवाज भरायचं मशीन बी लावलं व्हतंस की. मशीन घरचं हाय का?" आणि हसली. काकाही हसले. त्यात खोट नव्हती, एखाद्या लेकरानं उलटा सदरा घातल्यावर हसावं तसं.
सगळ्यांनी तसंच सांगितलं का, विचारलं. काकू म्हणाली, सगळे तसंच सांगतात. तुझ्या आजानं सरकारी माणसाला सांगितला तोही तसलाच. कमी सांगायचं. फॉरेस्टवाला आला की आणखी कमी. संध्याकाळी कळप जाळीच्या वाड्यात शिरताना ती नुसती बघते, एखादं कमी असलं तर तिला कळतं, कुणाचं पिल्लू ते सुद्धा. मोजायला लागत नाही.
लहानपणी मी बोटं नाचवत मेंढरं मोजायला लागले की आबा माझी बोटं मुठीत धरायचे. ते मला ठाऊक होतं. तरी सतरा घरी वही उघडून बसले आणि प्रत्येकानं सांगितलेला आकडा खरा धरला. मी घरची आहे या भरवशावर.
कागद परत आणले. निघताना काकू म्हणाली, "कुठं छापायचं नसतंय ना ते?"

२७ जाने., मंगळ.
दोन दिवस नुसती लाज. संपूर्ण प्रकरण ३ पोकळ आहे. कळप इतक्यानं घटले, तितक्यानं घटले. काय घटलं? आम्ही परक्याला किती कमी सांगायला लागलो, तेवढंच त्या तक्त्यात आहे.
आज सकाळी लायब्ररीत दुसरी गोष्ट ध्यानात आली आणि खुर्चीत ताठ झाले. सरांचं सगळं व्याख्यान त्याच तक्त्यावर उभं आहे. मोजपट्टीच्या सत्तेवर तासभर बोलले आणि मोजपट्टीनंच फसले. हे त्यांना ठाऊक नाही. या विभागात फक्त मला ठाऊक आहे.
अर्शियाला सांगितलं. ती टाळी द्यायला हात पुढं करून म्हणाली, "अब चुप बैठ. बिलकुल चुप." टाळी दिली.

४ फेब्रु., बुध.
सरांनी केबिनमध्ये बोलावलं. व्याख्यानाची पुस्तिका निघतेय, पुढच्या महिन्यात दिल्लीच्या परिसंवादात वाटायची आहे. तिथं हाच विषय ते पुन्हा मांडणार. मोठी माणसं येणार. "प्रूफं तू बघ. तुझी नजर बारीक आहे."
बाहेर आले आणि जिन्यात हसू फुटलं. दिल्लीत कुणीतरी असेलच मेंढपाळांमध्ये वर्षं काढलेलं. ते उभं राहील आणि विचारेल, हे आकडे तुम्ही कसे घेतले? तेव्हा सांगा, टाइप केले म्हणून.

९ फेब्रु., सोम.
प्रूफं तपासून झाली. स्वल्पविराम, अनुस्वार, एका ठिकाणी परिच्छेदच दोनदा छापलेला. पान १४ वरच्या तक्त्यात आडव्या रेघा जुळत नव्हत्या, त्या जुळवायला लिहिलं. आकड्यांना हात लावला नाही.
बेत असा. पुस्तिका छापून होऊ दे, दिल्ली होऊ दे. मग मी माझं प्रकरण ३ दुरुस्त करून देणार. तक्ता तसाच ठेवून त्याचा अर्थ बदलायचा : लोक परक्याला काय सांगतात आणि का. खरे आकडे कुठंच द्यायचे नाहीत, ते काकूचे आहेत. आणि तळटीप : 'हेच आकडे अन्यत्र प्रत्यक्ष कळपांचे म्हणून प्रसिद्ध झाले आहेत. ते तसे नाहीत.' नाव घ्यायचं नाही. 'अन्यत्र' पुरे. सर दुरुस्त केलेलं प्रकरण पुन्हा वाचत नाहीत, सही करतील.
तळटीप चार वेळा लिहून पाहिली. चौथी सगळ्यात थंड आहे. तीच ठेवणार.
चूक माहीत असून पुढं जाऊ देणं हे खोटं बोलणंच आहे. आबा विचारतील तर हो म्हणेन. पण विचारणार नाहीत.

१२ फेब्रु., गुरु.
प्रूफं दिली. सरांनी उलटून पाहिली आणि पान १४ वर थांबले.
"आकडे एकदा ताडून घेतलेस?"
"माझ्या वहीशी जुळतात, सर."
एक शब्दही खोटा नाही. दिवसभर तेच स्वतःला सांगतेय. सर बघत राहिले, नेहमीपेक्षा जरा जास्त. मग म्हणाले, "त्या दिवशी तू सगळ्यांसमोर विचारलंस. मी असल्या गोष्टी विसरत नाही."
कुठल्या अर्थानं?

१६ फेब्रु., सोम.
छापखान्यातून शेवटचं प्रूफ आलं. माझ्याच हाती दिलं. काही बदल असेल तर उद्या दुपारी बाराच्या आत कळवा, मग मशीनवर चढतंय, असं सांगून माणूस गेला.
पान १४. तक्त्याच्या खाली नवी ओळ, ठळक अक्षरात :
'प्रत्यक्ष मोजणी : कु. सविता कोळपे, संशोधक विद्यार्थिनी.'
माझं नाव. छापील. मागितलं होतं तेच, मागितलं होतं त्याच ठिकाणी.
मी एकही मेंढरू मोजलेलं नाही.
सर भेटले व्हरांड्यात. "आता खूश?" हसत. हे मोठं मन आहे, की त्यांना वास आलाय आणि उद्या कुणी बोट दाखवलं तर ते माझ्याकडे वळावं म्हणून ही ओळ? चेहऱ्यावरून कळलं नाही. बारीक नजरेचा काही उपयोग झाला नाही.
अर्शिया म्हणाली, तू गई कामसे. मग म्हणाली, की नाही गई? तिलाही ठरवता येईना.
आबांचा फोन. अर्शियानं त्यांना आधीच सांगून टाकलेलं, नाव आलं म्हणून. "दहा पुस्तकं घ्यून ये. एक गेटवर ठेवतो, येणाराला दावायला. एक गंगूकडं देऊ."
गंगूकाकूकडं. तिला वाचता येत नाही. पण तिचा नातू सातवीत आहे, तो 'प्रत्यक्ष मोजणी' वाचून दाखवील. भाकरी थापता थापता ती काय म्हणेल, ते मला आत्ता ऐकू येतंय.
तक्ता काढायला लावला तर सरांची पुस्तिका सावरते, दिल्ली सावरते, आणि ते माझे आभार मानतील. ते मला सहन होणार नाही. नुसतं नाव काढा म्हटलं तर का ते सांगावं लागेल. काहीच केलं नाही तर ते पडतील, आणि त्यांच्या खाली मी.
चौथी तळटीप अजून वहीत आहे. चांगली आहे.
छापखाना उद्या दहाला उघडतो, मुदत बारापर्यंत. म्हणजे दोन तास.