कोऱ्या शर्टावरचे तातेराव गुरुजी

जाफराबाद, १९ मे २००४

राजश्री इंद्रभानजी पाहुणे यांस कारभारीचा हात जोडून रामराम. इकडे सर्व खुशाल. तुमचे गुडघे आणि आमची लेक कशी आहे ते कळवावं (दोन्ही तुमच्याच घरी, म्हणून एकत्र विचारलं, राग नसावा).

आता कबुली देतो. जुन्या जालन्यातल्या तुमच्या दुकानात तुम्ही आमच्या तातेराव गुरुजींचा फोटो नऊ कागदांवर छापून दिला आणि इस्त्रीने शर्टावर कसा उतरवायचा ते समजावलं. शर्ट आधी धुवा, खळ जाऊ द्या, नाहीतर चित्र तडकेल, असं दोनदा बजावलं. मी दोनदा हो म्हणालो. पण पाहुणे, ज्यांनी आम्हा भजनी मंडळाला टाळ धरायला शिकवलं, त्यांना धुतलेल्या कपड्यावर कसं बसवायचं? देवाला वस्त्र वाहतो ते कोरंच. म्हणून नऊही शर्ट कोरे ठेवले, कुंकवाचं बोट लावलं आणि परटाची कोळशाची इस्त्री फिरवली. कागद सोलला, तर आतून गुरुजी हसले! पन्नाशीला आलो, असं नवल पाहिलं नव्हतं. आमच्या मंडळातल्या संपतने तर शर्टाला वाकून नमस्कार केला, तेव्हा शर्ट पुंजारामच्या अंगात होता (पुंजारामने आशीर्वादही दिला).

गुरुजींच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी, भजनाच्या तालमीत घामेजलेले शर्ट आमच्या घरच्या मंडळींनी धुतले. वाळल्यावर बघतो तर नऊही गुरुजी कपाळापासून हनुवटीपर्यंत तडकलेले. गुरुजींच्या पत्नी द्वारकाबाई समोर बसणार होत्या, आणि घरातला एकुलता एक फोटो त्यांनीच या कामासाठी पेटीतून काढून दिला होता. शर्ट न घालून चालणार नव्हतं. नवऱ्याचं तोंड बाईंनी असं बघायचं? श्राद्धाच्या दिवशी आम्ही नऊजण टाळ छातीशी धरून चेहरा झाकू लागलो, त्यामुळे टाळ वाजेचनात.

द्वारकाबाई उठल्या. माझ्यासमोर आल्या, टाळ बाजूला सारला आणि कपाळावरच्या तड्यावरून सावकाश बोट फिरवलं.

"कारभारी, हे बराबर झालं. त्या फोटोवाल्यानं सुरकुत्या पुसून नवरदेव करून ठेवलं व्हतं. म्हणून म्या कधी भिंतीला लावला न्हाई. आता हे आमचं माणूस हाय."

मंडळ गाऊ लागलं. मी हात जोडून उभा राहिलो. माझ्या चुकीतून हे कोण करून राह्यलं होतं, मला कळत नाही. तुम्हाला कळलं तर सांगू नका.

लेकीला आशीर्वाद.

आपला,
कारभारी

ता. क. तडे पडू नयेत याची युक्ती तुम्ही सांगितलीच होती. आता आहेत तेवढेच राहावेत, एकही वाढू नये, अशी काही युक्ती आहे का?

ता. क. २. जल्दी कळवा. एक सुरकुती जास्त पडली तर गुरुजी पुन्हा परके दिसतील, म्हणून द्वारकाबाईंनी शर्ट धुवायला बंदी केली आहे, आणि रोज भजनाला तोच घालायला लावतात. आज अठरावा दिवस. ऊन बिलकुल सहन होत नाही. लोक भक्तिभावाने ऐकायला येतात, पण बरेच लांब बसतात.