विल्फच्या बादलीतल्या नासपत्या

१२ सप्टेंबर

विल्फचं डोकं फिरलंय! त्याच्या वकिलाचं पत्र आलं — नासपतीचं झाड काढा, नाहीतर कोर्टात भेटू. मुळं म्हणे त्याच्या काचघराखाली शिरलीत. लग्नाच्या वर्षी माझ्या स्टॅननं लावलेलं झाड! स्टॅन गेला, आता झाडही घालवू? शेजारचा हा ब्रह्मचारी आजवर भिंतीवरून हवेपाण्यापलीकडे बोलला नाही. आणि आता एकदम वकील!

१४ सप्टेंबर

स्किप्टनला मिस सग्डनकडे गेले. माझी वकीलबाई, वयानं नातीएवढी. धर्मादाय दुकानातून कायद्यातल्या लॅटिन शब्दांचा जुना कोश घेतला होता, तो टेबलावर आपटला. ती हसली. "मिसेस हेब्डन, हे लॅटिन आता कोर्टात फारसं कुणी बोलत नाही." हिरमोडच झाला. भांडायचं तर थाटात भांडावं की नाही?

एक मात्र कामाचं कळलं. विल्फच्या हद्दीत आलेल्या फांद्या तो छाटू शकतो, पण फांद्या माझ्याच. त्याच्याकडे पडलेली फळंही माझीच!

१७ सप्टेंबर

दारात विल्फ. सुतळीनं बांधलेली फांद्यांची मोळी घेऊन. "तुझी मालमत्ता. ठेवून घेतली तर मीच चोर ठरायचो." पायरीवर ठेवली आणि गेला. खडूस!

१८ सप्टेंबर

सकाळी दहाला पुन्हा विल्फ, बादलीभर नासपत्या घेऊन. मी कोशातलं ऐकवलं — "डी मिनिमिस! क्षुल्लक गोष्टींत कायदा डोकं घालत नाही."

"मग झाडही क्षुल्लकच की," म्हणाला.

लागलं मला ते.

२१ सप्टेंबर

रोज दहा वाजता बादली. आज वर ओरडाही — काचघराची काच फुटली! आत, टोमॅटोच्या कुंडीत, मधोमध माझी नासपती.

"बघ तुझ्या कोशात!"

बघितलं. रेस इप्सा लोक्विटर — घडलेली गोष्टच काय ते सांगते, साक्षीदार नको. मेला कोशही त्याच्याच बाजूचा!

२३ सप्टेंबर

काल भिंतीवरून ओरडले, "विदाउट प्रेज्युडिस, विल्फ, तू गाढव आहेस!" वकिलांच्या पत्रांच्या डोक्यावर हे लिहिलेलं असतं ना — मला वाटलं, एकदा म्हटलं की वाट्टेल ते बोला, कोर्टात धरत नाहीत. मिस सग्डननं कपाळाला हात लावला.

"तो आडोसा तडजोडीच्या बोलण्याला असतो हो, शिव्यांना नाही! तुमचं गाढव थेट न्यायाधीशांपुढे जाईल."

मग बादलीचं विचारलं. म्हटलं, रोज आणतो, धुऊन, पुसून.

"तसं बंधन नाहीये त्याच्यावर. तुम्ही मागितल्या तर द्यायच्या, एवढंच."

आणि खिडकीबाहेर बघत हसत बसली. या पोरींचं काही कळत नाही.

२९ सप्टेंबर

विल्फ आला. बादली ठेवली, पण गेला नाही. टोपी काढली.

"विदाउट प्रेज्युडिस," म्हणाला. "नीट अर्थानं. काचघराकडची तेवढी मुळं छाटू, बाकी झाड राहू दे. स्टॅनचं आहे ते. मी वकिलाला थांबवतो."

"आणि गाढव?"

"ते मी मनावर घेतलं नाही. खरं होतं."

चहा केला. आल्याच्या पार्किन केकचे तीन तुकडे खाल्ले त्यानं! झाड वाचलं. तो गेल्यावर थोडी रडले.

१७ ऑक्टोबर

झाड रिकामं झालं. शेवटची नासपती गेल्या आठवड्यात पडली. दहाला दार वाजत नाही. उगीच दोनदा उघडून पाहिलं. करमत नाही — लिहून टाकते, इथे कोण वाचतंय!

२० ऑक्टोबर

दहाला दार वाजलं. विल्फ. इस्त्रीचा शर्ट, हातात बादली. "तुझ्या पडल्या होत्या माझ्याकडे."

सहा नासपत्या. प्रत्येकीवर सुपरमार्केटचं चिकट लेबल.

रेस इप्सा लोक्विटर! साक्षीदार नको. आत घेतलं त्याला.