वाम माशांचं जर्नल मी मुक्त करतो

४ जानेवारी, ग्रोनिंगेन (नेदरलँड्स)
संकल्प: या वर्षी जर्नल मुक्त करायचं. बाकीचे संकल्प (गोड बंद, मेहुण्याशी वाद बंद) यापुढे किरकोळ. रद्द.
निमित्त असं. सकाळी घरच्या कॉम्प्युटरवर स्वतःचाच जुना पेपर उघडायला गेलो. समोर पाटी: वाचायचा तर पैसे भरा. माझा पेपर! लिहिला मी, जर्नलचा मुख्य संपादक मी, पगार सरकारचा, वाम मासे समुद्राचे. प्रकाशक कंपनीने काय केलं? कुलूप लावलं. यान्टीनला हाक मारली. ती म्हणाली, "भर की मग. चांगला असेल."
क्रांतिकारकांच्या बायकांना सुरुवातीला कळत नसतं.

९ जानेवारी
संपादक मंडळाला मोठी मेल. सगळ्यांनी एकदम राजीनामे द्यायचे. आपण काढू ते जर्नल वाचायला फुकट, लिहायलाही फुकट. वाम माशांवर काम करणारी जगातली सगळी मोठी माणसं आपल्या मंडळात आहेत. ती बाहेर पडली की कंपनीकडे फक्त कुलूप उरेल.

१२ जानेवारी
सर्वांचा होकार. म्हणजे शेजारच्या खोलीतला फोल्कर्ट (सहसंपादक, वीस वर्षं रोजची कॉफी एकत्र) म्हणाला, "कल्पना छान आहे रे." दोघांनी "विचार करतो" असं लिहिलंय. बाकीचे भारावून गप्प आहेत.

२० जानेवारी
राजीनामा दिला. कंपनीच्या लंडनच्या बाई व्हिडिओवर आल्या. त्या गयावया करतील, म्हणून उत्तरं पाठ करून बसलो होतो. त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं काम केलंत, मनापासून आभार. तुमचा पासवर्ड शुक्रवारपर्यंत चालेल."
घाबरल्याचं बेमालूम लपवलं बाईंनी.

२ फेब्रुवारी
जर्नलचं नावही कंपनीच्या मालकीचं निघालं. नवं नाव ठरवलं: 'मुक्त वाम'. फोल्कर्ट म्हणाला, "हॉटेल वाटतंय. सोबत बटाटे मिळतात का?"
त्याचा राजीनामा अजून गेलेला नाही. मसुदा करतोय. भाषेच्या बाबतीत तो फार काटेकोर.

१७ फेब्रुवारी
लायब्ररीवाले म्हणाले, आम्ही वेबसाइट करून देतो, जर्नलची रीतसर नोंदणीही करतो. नम्रपणे नकार दिला. अशी कामं स्वतःच्या हाताने करायची असतात.
दिवसभर खपून वेबसाइटच्या माथ्यावर चित्रातला मासा बसवला. उलटा बसला. उलटाच बरा दिसतो.

३ मार्च
रेन्स्केशी बोललो. माझी पीएचडीची विद्यार्थिनी. वाम माशाच्या कानात मुगाएवढाही नसलेला खडा असतो. असे खडे घासून घासून तिने चार वर्षांत शोधून काढलं, की समुद्र अडवणाऱ्या बांधाच्या दरवाजांतून कुठले मासे कालव्यांत परत येतात. इतका सुंदर पेपर माझ्या हाताखालून गेलेला नाही. जुन्या जर्नलने तो जवळजवळ स्वीकारलाच होता. म्हटलं, तिथून काढ, आपल्या पहिल्या अंकात पहिला छापू.
ती म्हणाली, "सप्टेंबरमध्ये माझं कंत्राट संपतंय, वीबे. नॉर्वेतल्या बर्गेनच्या नोकरीला छापलेला पेपर लागेल. आणि तोही नाव असलेल्या जागी."
मी म्हटलं, "तूच जागेला नाव देणार आहेस!"
तिने समोरचे कागद दोनदा सरळ केले. भारावली असावी. मग म्हणाली, "तुम्ही गाइड आहात. तुम्ही म्हणताय तर ठीक."

२४ मार्च
आलेले पेपर: रेन्स्केचा.
सबब मोठी मोहीम. वाम माशांवर काम करणाऱ्या सर्वांना मेल. मग सगळ्याच मासेवाल्यांना. मग ज्याच्या पत्त्यात कुठेही 'मासा' आहे त्याला. मजकूर माझाच: "आदरणीय थोर संशोधक, आपल्या अमूल्य लेखाची आम्ही आतुरतेने वाट पाहत आहोत. निर्णय त्वरित."
उत्तर आलं, एका मत्स्यालय-दुकानदाराचं. त्याला पंप विकायचा होता.

११ एप्रिल
मेहुण्याचा वाढदिवस. त्येर्ड. लाउवर्सओखच्या बंदरात वाम धुरावर शेकून विकतो. सगळे नेहमीसारखे खुर्च्यांचं रिंगण करून बसलेले, मांडीवर केकचा एकेक तुकडा. त्याला म्हटलं, लेख लिही.
"मी मासे शेकतो. लेख कसला लिहू?"
"अनुभवाचा. जगाला हवाय."
पलीकडून यान्टीन म्हणाली, "लिही रे बाबा. नाहीतर हा मला लिहायला बसवेल." सगळे हसले. मीही हसलो. मग त्याला मागच्या शेडमध्ये नेलं, दोन्ही हात धरले आणि म्हटलं, एकच पान दे, त्येर्ड. तो घाबरून हो म्हणाला.

२ मे
त्येर्डचं पान आलं: धुरासाठी बीच झाडाचं लाकूड की ओकचं. नियमाप्रमाणे दोन परीक्षक हवेत. एक मी, दुसरी यान्टीन. तिचा अभिप्राय: "मीठ जास्त सांगितलंय." सुधारणेसाठी परत पाठवलं. दर्जाबाबत तडजोड नाही.

९ मे
अंक निघाला! रेन्स्के, त्येर्ड आणि माझं संपादकीय (सर्वांत मोठं). डिपार्टमेंटमध्ये सर्वांना शेकलेल्या वामचे सँडविच. फोल्कर्टने दोन खाल्ले, माझ्याकडे न बघता.

३० मे
फोल्कर्ट आला, दार लावून घेतलं. जुन्या जर्नलचा मुख्य संपादक आता तो आहे.
"कुणीतरी सांभाळायला हवं होतं ना, वीबे."
मंडळही सगळं तिथेच. पुढे म्हणाला, देशातल्या विद्यापीठांनी मिळून कंपनीशी करार केलाय. इथून पुढे आपल्या लोकांचे पेपर तिथे खुले राहतील. वाचणाऱ्याने काही द्यायचं नाही, लिहिणाऱ्यानेही नाही.
मी ओरडलो, "अरे, ही माझी मागणी होती!"
"हो. झाली ना मान्य. तुला आनंद व्हायला हवा."
झालाच आहे. कंपनी नमली. हा माझा विजय.
नंतर तासभर बाथरूममध्ये बसून होतो. विजयाने फार थकायला होतं.

२१ जून
रेन्स्के बर्गेनहून मुलाखत देऊन आली. कोट न काढता खोलीत उभी राहिली. 'मुक्त वाम' कुठल्याशा बोगस जर्नलांच्या यादीत लागलंय म्हणे. खुशामतीच्या मेल्स, त्वरित निर्णय, ऑफिसच्या जागी संपादकाच्या घरचा पत्ता, परीक्षक संपादकाची बायको. मुलाखतीतल्या एकाने यादी समोरच ठेवली.
ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. म्हणाली, "चार वर्षं मी ते खडे घासले. आणि तिथे बसून मी तुमच्या मेहुण्याच्या मिठाबद्दल उत्तरं देत होते."
मी व्यवस्थेच्या कारस्थानाबद्दल बोलू लागलो.
"वीबे, माझा पेपर परत द्या."

२२ जून
यादीवाल्यांना पाच मेल्स. पाचवीत "कृपया" चार वेळा. उत्तर नाही. बर्गेनसाठी सहा पानी निवेदन लिहिलं: मुक्त ज्ञानाची चळवळ आणि तिचे शत्रू. यान्टीनने वाचलं.
"भाषण ठोकू नकोस. चूक तुझी होती एवढंच लिही."
तिला तत्त्व समजावून सांगितलं.
"तत्त्व तुझं आहे, वीबे. नोकरी त्या पोरीची होती."
जेवलो नाही. तिनेही आग्रह केला नाही.

२३ जून
बर्गेनला तीन ओळी. काम अस्सल आहे, निर्णय माझा होता, तिने आधीच शंका काढली होती. चौथ्या ओळीत चळवळीची पार्श्वभूमी घेतली होती. यान्टीनने मागून हात घालून ती पुसली.
रेन्स्केचा पेपर अंकातून काढला. मग फोल्कर्टच्या खोलीत गेलो. नेहमी तोच माझ्याकडे येतो. त्याची खुर्ची कशी आहे हे आज कळलं.
म्हटलं, "कर रे काहीतरी."
"तू मागे घेतल्याचं लिहून दे. मी नव्याने परीक्षकांकडे पाठवतो. सवलत मिळणार नाही."
"सवलत मागितली कोणी?" मागणारच होतो.

१४ सप्टेंबर
रेन्स्केचा पेपर फोल्कर्टच्या जर्नलमध्ये छापून आला. सगळ्यांना खुला. ती नोकरी दुसऱ्याला गेली. पण त्याच लोकांनी तिला दोन वर्षांचं दुसरं काम दिलंय. कॉड माशांवर. कॉड!
आज तिचा निरोपसमारंभ. खिशात भाषण होतं, कुणी विचारलं नाही. ती फोल्कर्टबद्दल बोलली, यान्टीनबद्दल बोलली. मग थोडं थांबून म्हणाली, "आणि वीबेने मला वाम कापायला शिकवलं."
टाळ्या झाल्या. मी चष्मा पुसत होतो. चष्मा अलीकडे लवकर मळतो.

३० सप्टेंबर
दुसऱ्या अंकासाठी आलेले लेख: त्येर्डचा. "पॅकिंग: काही विचार." त्याला आता गोडी लागलीय. दर रविवारी फोन करून अंक कधी निघणार विचारतो. सांगितलं, परीक्षकांकडे अडकलंय.
सकाळी १०: फोल्कर्टची मेल. जुन्या जर्नलला आलेला एक पेपर तपासून देशील का, मुदत तीन आठवडे. उत्तर लिहिलं: माझ्या भूमिकेतला माणूस असल्या कामाला हात लावू शकत नाही. पाठवलं नाही.
११: "हो" पाठवलं.
४: पेपर चांगला आहे. एका आलेखाची मापं चुकलीत, ती नीट समजावून लिहिली. अहवाल तयार. दोन आठवडे तसाच ठेवणार. आज दिला तर फोल्कर्टला वाटेल, याला दुसरं काही कामच नाही.
४.२०: पाठवला.