वाढवता येते, घटवता येत नाही

सोमवार

स्वस्ति श्री सकलसंगणकसंकटमोचक, परवलीशब्दप्रतिपालक, तारगुंताविच्छेदक, मधुमेहमंडित, अर्धखल्वाट अस्मादिकांनी आज नूतन कार्यालयी पदार्पण केले. स्वागतार्थ फक्त पंखा हलला. नोकरी मेहुण्याच्या कृपेची. घरी तो सौभाग्यवतीचा धाकटा भाऊ, इथे साहेब. खोली मात्र ऐसपैस. खिडकी, कपाट, छत्रीस खुंटी. न्यून एकच : दार आत उघडते आणि खुर्चीवर आदळते. सुतारासाठी अर्ज दिला.

आमच्या पदरी एक आभासी यंत्र आहे, म्हणजे खऱ्या संगणकाच्या पोटात राहून स्वतःलाच संगणक समजणारे सोंग. (मेहुण्याची आठवण झाली.) त्याची डिस्क तुडुंब भरली आहे, ती वाढवणे हे आमचे आद्य कर्तव्य. पूर्वाधिकारी नाना हेच काम करता करता, चपला टाकून, न सांगता निघून गेले, असे शिपाई म्हणाला.

मंगळवार

नानांनी यंत्राची एक जुनी स्थिती राखून ठेवली होती. तिला स्नॅपशॉट म्हणतात. बिघडल्यास मागे फिरण्याची वाट. ती असेतो डिस्क वाढत नाही. साहेब म्हणाले, भाऊजी, उडवा की ती, लोणचं घालायचंय का? उडवली. डिस्क वाढवली. शास्त्रवचन असे की डिस्क वाढवता येते, घटवता येत नाही.

सायंकाळी छत्री जमिनीवर. खुंटी नाही. भिंतीला साधे छिद्रही नाही. शिपायाला यथाविधी झापले.

बुधवार

डिस्क पुन्हा भरली! आत नवा फोल्डर, नाव ‘खुंटी’. चारी बाजूंनी काढलेली तिची चित्रे, गंजासकट. साहेबांस निवेदन केले. ते म्हणाले, भाऊजी, वाढवा आणि गप बसा. वाढवली. कपाट काल भिंतीशी होते, आज माझ्या कोपराशी आहे. कपाट हललेले नाही. भिंत हलली आहे.

गुरुवार

खिडकी गेली. फोल्डर : ‘खिडकी’. त्याच्याखाली एक जुना, सर्वांत अवजड : ‘नाना’. तो अद्याप वाढतो आहे.

तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांसमोर टेबल बडवून म्हणालो, यापुढे एक कणही वाढवणार नाही. तर हा काल रांगणारा शहाणा हसून विचारतो, ताईला काय सांगू, तुम्हाला चार भिंतीही झेपेनात म्हणून?

शुक्रवार

नराधमाने स्वतःच्या खोलीतून ‘आपोआप वाढ’ लावून दिली. म्हणे, आता तुम्हाला कष्टच नकोत.

ते सोंग कायमचे बंद करायला आत शिरलो. दार लोटले. भिंत कपाटाला टेकली, कपाट खुर्चीला, खुर्ची दाराला. पडद्यावर एकच वाक्य : वाढ सुरू आहे, कृपया थांबा.

शुक्रवारच

छत डोक्याशी. नवा फोल्डर उघडला गेला आहे. ‘भाऊजी’ — रिकामा — अजून —

मेहुण्याला फोन केला. शिव्या संस्कृतातून दिल्या, मग मराठीतून. तो म्हणाला, सुतार सोमवारी येईल —

सोमवारी! अरे गाढवा, आत उघडणारे दार बसवलेच कुणी? अर्ज पहिल्याच दिवशी दिला होता. स्वच्छ अक्षरात — दोन प्रतींत — की दार बाहेर उघ