एकोणीसची चाकं आणि शाडूचा ब्रेक

शनिवार, ४ ऑक्टोबर २०२५

गडब गावाजवळ खड्डा. दणका असा की वत्सलाचा चष्मा उडून डॅशबोर्डवर! मी एवढंच म्हणालो — "श्श! आवाज ऐक, रिमचा आहे का?" खरंच, एवढंच. तिने चष्मा उचलला, पदराने पुसला, दार उघडलं आणि उतरली. "या गाडीत मी परत बसणार नाही." मागून रोह्याची एसटी येत होती. हिने हात केला, एसटी थांबली! माझ्यासाठी जन्मात थांबली नाही.

दर शनिवारी पेणहून रोह्याला तिच्या बहिणीकडे, नमिताताईंकडे जायचं, हा आमचा नेम. आधी स्कूटर, मग एसटी. मी शाळेतून निवृत्त झालो आणि ही गाडी घेतली. सेकंडहँड, पण अडीचशे घोड्यांची. शेजारी ही बसेल, आता आपण दोघंच, कुठे जायची घाई नाही — म्हणून घेतली. दुसरं काही कारण नाही. आणि आज रोह्यापर्यंत शेजारच्या सीटवर तिची पर्स.

रविवार, ५ ऑक्टोबर

दोष गाडीचा नाही, चाकांचा आहे. एकोणीस इंची रिम आणि तिच्याभोवती टायर म्हणजे रबराची नुसती पट्टी. रबर कमी, दणका जास्त. उपाय आठवीतलं पोरही सांगेल — रिम लहान, टायर जाड, बाहेरचा घेर तोच. २३५/३५ आर १९ काढायचे, २३५/४५ आर १७ घालायचे. व्यासात फरक चार मिलिमीटरसुद्धा नाही! वत्सलाला वहीत आकृती काढून दाखवली. ती म्हणाली, "बरं."

हे "बरं" मी छत्तीस वर्षं ऐकतोय. यात बरं काही नसतं.

शेजारच्या दिनानाथांनी विचारलं, चाकं लहान केली तर गाडी बसकी नाही का होणार? म्हटलं, बाहेरून तेवढीच राहतील. तर म्हणे, मग बदलता कशाला! पेणच्या आमच्या रामवाडीत विज्ञानाचा प्रसार करायला मी एकटा पुरा पडत नाही.

शनिवार, ११ ऑक्टोबर

ती एसटीत, मी मागे गाडीत. अडीचशे घोडे, वेग ताशी चाळीस. वडखळच्या पुढे गाडीच्या स्पीकरवर तिचा फोन — "अहो, मागे आहात ना?" मग ठेवलाच नाही. कंडक्टरची नक्कल करून दाखवली. माथेरानला माझी चप्पल तुटली होती आणि मी एका पायात तिची घालून फिरलो होतो, ते निघालं. मी ते पार विसरलो होतो. हसली इतकी की मागे बसची माणसंही हसताना ऐकू आली. रोहा कधी आलं कळलं नाही.

छान गेला दिवस. पण सीट रिकामीच ना! चाकं बदलायलाच हवीत.

शनिवार, १८ ऑक्टोबर

वत्सलाने बसच्या मागच्या काचेतून हात केला. मी हात करायला गेलो, खड्डा दिसलाच नाही — रिमला तडा!! टायरची हवा गेली. आणि या जातीच्या गाडीत स्टेपनीच नसते. पंक्चरचं औषध देतात बाटलीत. तडा गेलेल्या रिमला औषध काय चोळू? गाडी उचलून रामवाडीत आणली.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

दिवाळी. गाडी तीन चाकांवर, चौथ्याच्या जागी विटा. दिनानाथांच्या नातीने विटांवर पणती ठेवली.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

रोह्याच्या महिपतीला फोन. त्याचं टायरचं दुकान, माणूस जाणता. म्हणाला, सतरा बहुतेक बसेल. सोळा बसलं तर आणखी मऊ, पाळण्यात बसल्यासारखं. पण तुमच्या गाडीचा ब्रेक मोठा, रिमच्या आत अडकायचा. गाडी आणा, लावून बघू. अरे, गाडी आणता आली असती तर तुला फोन कशाला केला असता! तीनदा मापं पाठवली, फोटो पाठवले. त्याचं एकच, "सर, असं नाय कळत."

सोळा! पाळणा! दुपारभर डोक्यात तेच.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

गुणाजी आला. माझा जुना विद्यार्थी, आता गणपतीचा कारखाना. विटांपाशी उकिडवा बसून ब्रेक पाहिला आणि म्हणाला, "सर, मापं कशाला? ब्रेकच घडवून देतो. रोह्याला न्या आन् चाकं लावून बघा."

पेणच्या माणसाला दुसरं सुचणार काय! पण कल्पना मला आवडली. पाट मागवला, शाडूचा गोळा घेतला, कंपास लावून बसला. मध्येच म्हणाला, थोडा मोठा घेतो सर, शाडू सुकला का आकसतो. मला रागच आला. गणपती मनाने लहानमोठा करतोस तसं इथे चालायचं नाही, म्हटलं. मला शिकवू नकोस, जेवढ्यास तेवढा कर!

"व्हय सर," म्हणाला. आठवीतही असाच म्हणायचा.

बुधवार, ५ नोव्हेंबर

ब्रेक सुकला. काय घडवलाय! तबकडी, तिला धरणारा तो जबडा — कॅलिपर — एकेक बोल्ट. लाल रंग दिलाय, वर सोनेरी किनार. मी किनारीकडे बघत राहिलो तर गुणाजी ओशाळून म्हणाला, हाताला सवय हाय सर. डोळे तेवढे नाय काढले.

शनिवार, ८ नोव्हेंबर

ब्रेकसह एसटी. गुणाजीने सवयीने लाल कापडात गुंडाळून, वर रुमाल टाकून दिलेला. वत्सलाच्या मांडीवर पाट. बस खचाखच, धाटावच्या कारखान्यांत शिफ्टला जाणारी पोरं उभी — पण एकाने उठून तिला खिडकी दिली. पुढच्या बाईंनी वाकून नमस्कार केला. कुठल्या देवाची मूर्ती, विचारलं. मी उत्तर द्यायच्या आत वत्सला म्हणाली, "यांच्या."

मग गर्दीने मला मागे दारापाशी ढकललं, एका पायावर. फोन वाजला. पुढच्या सीटवरून वत्सलाच! "अहो, एकानं रुपया ठेवलाय हो ब्रेकवर, काय करू?" दोघंही हसत सुटलो, एकाच बसमध्ये, फोनवर. नागोठण्यापर्यंत थांबेचना.

महिपतीने ब्रेकला आधी हात जोडले, मग सोळाची रिम चढवून पाहिली. अलगद बसली! सोळाच्या चारही चाकांची ऑर्डर दिली.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

महिपती स्वतः टेम्पोतून सोळाची चाकं घेऊन आला. गाडीला बसत नाहीत! कॅलिपर आडवा येतो. शाडूच्या ब्रेकला बसतात, खऱ्याला नाहीत. पट्टी लावली. शाडूचा कॅलिपर खऱ्यापेक्षा आत आला होता, जवळजवळ पेरभर.

गुणाजीला बोलावलं. मी म्हणालो, "तू सांगितलं होतंस मला."

"व्हय सर. पन तुम्ही सर हाय ना."

सोळाची चाकं महिपती परत घेऊन गेला. त्याआधी वत्सलाने तिघांना चहा दिला, हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

प्रसरण आणि आकुंचन हा धडा मी तेहतीस वर्षं शिकवला.

गुरुवार, २० नोव्हेंबर

सतराची बसली! २३५/४५. पहिल्यांदा वहीत काढली होती तीच. स्टेशनापर्यंत चक्कर मारून आलो. खड्डा कळतच नाही. आवाज नाही, दणका नाही. वत्सलाला म्हटलं, एकदा, फक्त एकदा बसून बघ. उत्तर येईपर्यंत निकालाला आलेल्या पोरासारखा दारात उभा. या वयात!

"बसते," म्हणाली. "बरं" नाही म्हणाली.

शनिवार, २२ नोव्हेंबर

बसली. गडब गेलं, चष्मा जागच्या जागी. ती काहीतरी सांगायला लागली, मी बोट वर केलं — "श्श! ऐक." ती म्हणाली, "काय ऐकू? काहीच ऐकू येत नाही." म्हटलं, तेच तर! मग नागोठण्यापर्यंत आम्ही दोघं ते ऐकत राहिलो.

नागोठण्याला म्हणाली, जरा स्टँडवर घ्या. रोह्याची एसटी उभी होती. दार उघडलं, पर्स घेतली. "चाकं छान आहेत हो," म्हणाली, आणि जाऊन बसमध्ये चढली. खिडकीत बसली.

बस सुटली, मी मागे. फाटकाशी स्पीकरवर फोन वाजला.

"हं. आता बोला."

बोललो. रोह्यापर्यंत बोललो. चाकांचं एकदाही नाही.