संगणकाला काही आठवत नाही, असे प्रमाणपत्र

प्रति,
मा. माहिती-संरक्षण अधिकारी,
नगरपालिका कार्यालय, वर्बोवो.

अर्जदार : स्वेतोझार मालेतिन, सेवानिवृत्त लिपिक, भूमापन कार्यालय. रा. गिरणी गल्ली, तिसरा मजला.

विषय : घरगुती संगणकातील पाळत ठेवणारी सोय बंद केल्याचे, गोल शिक्क्याचे प्रमाणपत्र मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या खिडकीवर झालेले तोंडी बोलणे. ("काका, असलं प्रमाणपत्र आम्ही देत नाही. पण अर्ज टाकून बघा.")

महोदया,

वरील विषयास अनुसरून सविनय निवेदन करतो की,

१. मी शरद ऋतूत नवीन संगणक घेतला. त्यात 'आठवण' नावाची सोय आहे. ती पडद्यावर जे जे दिसेल त्याची घडोघडी चित्रे काढून ठेवते, ई-मेलचे टपाल वाचते, आणि साध्या बोलीत विचारले की शोधून पुढ्यात टाकते. सकाळी यंत्र उघडले की काल काय राहिले तेही सांगते. मला चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, म्हणून ही सोय मला देवासारखी वाटली. सुरुवातीस यंत्राने "चालू करू का?" असे विचारले होते व मी "हो" दाबले होते. सबब या प्रकरणी कंपनीवर ठपका ठेवता येत नाही. ठेवून पाहिला, जमला नाही.

२. आमच्या खालच्या मजल्यावर श्रीमती पर्सिदा ग्रुयिन राहतात. त्यांच्या दोन खोल्यांत मुलगा नेबोय्शा, सून व दोन नातवंडे राहतात आणि पर्सिदाबाई स्वयंपाकघरातल्या बाकावर झोपतात. त्यांच्याकडे संगणक नाही. रोज सकाळी त्या माझ्याकडे कॉफीला येत. नोव्हेंबरात एकदा त्यांनी माझ्या यंत्रावर काहीतरी भरायला घेतले आणि मला म्हणाल्या, "तोझा, तू तिकडं तोंड कर. आणि विचारू नकोस." मी खिडकीकडे तोंड करून कॉफी उकळवली. उत्तरासाठी पत्ता माझ्याच टपालाचा दिला होता, कारण त्यांना दुसरा नाही. मी पाहिले नाही. यंत्राने पाहिले.

३. संत निकोलाच्या दिवशी माझ्या घरची स्लावा, म्हणजे घराण्याच्या संताचा सण, असते. त्या दिवशी कुणाला बोलावणे धाडण्याची पद्धत नाही; ज्याला यायचे तो येतो आणि दार उघडे असते. तो नाताळाआधीच्या उपासाचा काळ असल्याने मांसाऐवजी मासे होते, आणि पर्सिदाबाईंनी दूध-अंड्याशिवायचा अक्रोडाचा केक आणला होता. माझी बहीण रादोय्का हिला तो इतका आवडला की ती म्हणाली, "अगं पर्सिदा, कृती दे ना!" त्यावर मीच, दोन पेले चढल्यामुळे, मोठ्या तोऱ्यात बोललो, "तिला कशाला त्रास? माझ्या यंत्राला विचार, त्याला सगळं ठाऊक असतं!" रादोय्काने "पर्सिदा" एवढेच लिहिले. पडद्यावर केक आला नाही. दूरच्या गावातील वृद्धाश्रमात खोली मिळण्यासाठी पर्सिदाबाईंनी भरलेला अर्ज आला, तोही भिंतीएवढ्या पडद्यावर, कारण पाहुण्यांना भाच्याच्या लग्नाचे फोटो दाखवावेत म्हणून मी यंत्र दूरदर्शन संचाला जोडून ठेवले होते.

नेबोय्शा हातात ताटली घेऊन मागेच उभा होता. तो म्हणाला, "आई, पोरानं मला घराबाहेर काढलं, असं साऱ्या गावाला सांगायचं होतं का तुला?" पर्सिदाबाई एवढेच म्हणाल्या, "जागा मिळाली की मीच सांगणार होते रे, नीट बसवून." नंतर कोणी जेवले नाही. सणाची मेणबत्ती तेवढी जळत राहिली.

दुसऱ्या दिवशी माझ्या घराची जादा किल्ली, जी वर्षानुवर्षे पर्सिदाबाईंकडे असे, ती माझ्या टपालपेटीत पडलेली मिळाली.

सदर सोय मी स्वतः बंद केली असून साठलेली चित्रे पुसली आहेत. तसे मी जिन्यात त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, "बंद केलंस म्हणतोस? कागद दाखव. शिक्का दाखव. तुझ्या फिरवलेल्या पाठीवर मी एकदा विश्वास ठेवून बसले होते." यात त्यांचे काय चुकले? माझा उभा जन्म शिक्के मारण्यात गेला. शिक्क्याशिवाय मीही कुणाचे ऐकले नाही. म्हणून हा अर्ज.

४. महोदया, इथवर लिहून मी अर्ज चार दिवस टेबलावर ठेवला होता. पुढील मजकूर नंतर जोडला आहे, तो ग्राह्य धरावा.

मी पाहिले नाही, असे कलम २ मध्ये लिहिले आहे. त्या दिवशी पाहिले नाही, हे खरे. पण स्लावाच्या बऱ्याच आधी विजेचे बिल शोधताना तो वृद्धाश्रमाचा अर्ज मला यंत्राने दाखवला होता, आणि मी तो शेवटपर्यंत वाचला. तेव्हाच सोय बंद करायला हवी होती. केली नाही. त्या जाणार की राहणार, ते मला आधी कळायला हवे होते. त्या गेल्या तर सकाळची कॉफी मी कुणासाठी उकळवू? ही लाज वाटण्याजोगी गोष्ट आहे व मला ती वाटते.

कलम ३ मध्ये सोय बंद केल्याची तारीख मी लिहिलेली नाही, हे आपल्या नजरेतून सुटले नसेलच. स्लावानंतर ती चालूच होती. नाताळ उलटल्यावर वृद्धाश्रमाचे उत्तर माझ्या टपालात आले. यंत्राने सकाळी सांगितले : "पर्सिदा ग्रुयिन यांना खोली मंजूर. होकार कळवणे बाकी. मुदत : जानेवारी अखेर." मी कॉफी प्यायलो. दुसऱ्या दिवशी यंत्राने तेच सांगितले. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मी ती सोय बंद केली.

म्हणजे ती मी पर्सिदाबाईंच्या खासगीपणासाठी बंद केलेली नाही. यंत्र मला रोज आठवण करून देत होते, ते मला सोसवेना, म्हणून बंद केली. असल्या कामाला आपला गोल शिक्का मागणे म्हणजे आपल्या कार्यालयाची चेष्टा आहे. सबब विषयात नमूद केलेले प्रमाणपत्र मला नको.

५. त्याऐवजी नम्र विनंती अशी की, सोबत जोडलेले वृद्धाश्रमाचे उत्तर आपल्या लिफाफ्यात घालून, त्यावर शिक्का मारून, शिपायामार्फत दुसऱ्या मजल्यावर पोहोचवावे. मी दोनदा दाराखालून कागद सरकवला, दोन्ही वेळा तो न वाचताच बाहेर आला. मला त्या दार उघडत नाहीत. शिक्का दिसला तर उघडतील. मुदत संपायला आठवडा उरला आहे, तरी कृपया माझ्यासारखा उशीर करू नये.

उत्तर कुणी अडवून ठेवले होते असे त्यांनी विचारल्यास माझे नाव सांगावे. यंत्राचे सांगू नये.

कळावे.

आपला अपराधी,
स्वेतोझार मालेतिन
वर्बोवो, २४ जानेवारी

सोबत :
(१) वृद्धाश्रमाचे उत्तर, छापील, एक प्रत. दुसरी प्रत मी ठेवलेली नाही.
(२) माझ्या घराची जादा किल्ली. पर्सिदाबाईंनी परत घेतल्यास द्यावी. न घेतल्यास आपल्याच कार्यालयात ठेवावी, माझ्याकडे परत पाठवू नये.